तारण कृपेनं आहे, तर आज्ञापालन कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा: तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं मिळतं, कर्मांनी नाही, हे मान्य आहे. मग आज्ञापालनावर इतका भर कशासाठी? भर दिला की मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, काही माणसं म्हणतात, ‘आम्हाला पुन्हा मोशेच्या नियमशास्त्राखाली नेऊ नका.’ आणि ज्याच्या हातून तेच पाप वारंवार घडतं, त्यानं कृपेवर विसंबावं, की आधी स्वतःला सुधारावं?

शेवटचा भाग आधी घेतो, कारण तो विचारणारा माणूस बहुतेक वेळा थकलेला असतो. आधी सुधारायचं आणि मग कृपेकडे यायचं, असा रस्ता पवित्र शास्त्रात कुठेही नाही. यरीहोच्या जक्कय या जकातदाराचा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात आहे. तो वचनांवर बोट ठेवून वाचा. 5व्या वचनात येशू त्याला सांगतो की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. तोवर जक्कयानं कुणाला एक पैसाही परत केलेला नाही. निम्मी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, हे शब्द येतात 8व्या वचनात. येशू उंबरठ्याच्या आत आला, त्यानंतर त्याची थैली सुटली.

दहा आज्ञांचाही क्रम हाच आहे. निर्गमच्या 20व्या अध्यायात पहिली आज्ञा देण्याआधी देव आठवण करून देतो की मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. कालगणना पाहिली तरी तेच दिसतं: वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातून सुटकेच्या रात्रीचं, कोकरू पहिल्या महिन्यात कापलं गेलं आणि लोक आज्ञा मिळाल्या त्या सीनाय डोंगरापाशी पोचले तिसऱ्या महिन्यात. मिसरातल्या गुलामांना ‘या दहा गोष्टी पाळून दाखवा, मग सोडवतो’ असं कुणी म्हटलं नव्हतं. प्रेषित पौलाचं इफिसकरांस पत्र सहा अध्यायांचं. पहिले तीन अध्याय देवानं काय केलं यानंच भरलेले आहेत. तिथे वाचकांना थेट दिलेली आज्ञा जवळपास एकच, ‘आठवण करा’ (2:11). मग 4:1 मध्ये ‘म्हणून’ येतं आणि तिथून आज्ञांची रीघ लागते. जो चौथ्या अध्यायापासून वाचतो त्याला ख्रिस्ती जीवन म्हणजे नियमांची यादी वाटते. जो तिसऱ्या अध्यायाशी पुस्तक मिटतो त्याला कृपा म्हणजे नुसता दिलासा वाटतो. मंडळीतले या विषयावरचे बहुतेक वाद या दोन वाचकांमधलेच असतात.

पौल यासाठी दत्तकाचा दाखला देतो (गलतीकरांस 4:5). मूल दत्तक घेतलं, कागद झाले, नाव लागलं, की त्या दिवसापासून ते त्या घरचं. घरची रीत ते नंतर शिकतं. चुकलं म्हणून त्याला कुणी अनाथालयात परत नेऊन सोडत नाही. आणि आता घरचंच आहे म्हणून वाटेल तसं वागूही देत नाही. तीताला पत्र 2:11–12 मध्ये नेमकं हेच काम कृपेच्या नावावर मांडलं आहे. कृपा प्रकट झाली आणि ती आपल्याला अभक्ती सोडायला शिकवते, असं तिथे म्हटलं आहे. ‘शिकवते’ या जागी असलेलं ग्रीक क्रियापद मुलाला वाढवण्यासाठी, शिस्त लावण्यासाठी वापरतात. इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायात बाप मुलाला शिक्षा करतो तिथेही तेच आहे. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: वळण लावणं. म्हणजे आज्ञापालनाचा आग्रह धरणारी खुद्द कृपाच आहे. तिला नियमशास्त्राच्या विरुद्ध उभं करून आज्ञांपासून सुटका मागणं म्हणजे तिनंच हाती घेतलेलं काम थांबवणं.

आपल्या भाषेतला आणखी एक शब्द इथे उपयोगी पडतो. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणजे त्याला ऐकू येत नाही असं कुणी समजत नाही. इब्री भाषेतलं ‘शमा’ हे क्रियापद असंच आहे, ऐकणं आणि मानणं दोन्ही त्यात आहे. म्हणून ‘मी वचन ऐकतो, पण पाळणं जमत नाही’ हे वाक्य इब्री कानाला विचित्र वाटलं असतं.

कर्मठ माणूस आणि ‘सगळं कृपेत माफ आहे’ म्हणणारा माणूस एकमेकांच्या विरुद्ध टोकांना दिसतात, पण त्यांची चूक एकच आहे. दोघंही आज्ञापालनाला कर्जाचा हप्ता समजतात. एक जण हप्ते भरत राहतो, दुसरा म्हणतो कर्जमाफी झाली, आता कशाला भरू? दुसऱ्याचं बरोबर वाटतं, कारण हप्ता असता तर तो खरंच संपला आहे. पण आज्ञापालन हप्ता नव्हताच कधी. 1563 साली जर्मनीत तयार झालेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत हे फार सुरेख मांडलं आहे. तिचे तीन भाग: माणसाची दुर्दशा, त्याची सुटका, त्याची कृतज्ञता. दहा आज्ञांचं विवरण तिसऱ्या भागात, कृतज्ञतेखाली येतं. आणि त्याच भागात तिनं असंही कबूल केलं आहे की अत्यंत पवित्र माणसाच्या पदरीही या जन्मी या आज्ञापालनाची नुसती सुरुवातच असते. जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनी 1937 साली पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या क्षमेला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं. 1945 च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्यांना फाशी दिलं. कृपा फुकट आहे, पण ती स्वस्त नाही, कारण तिची किंमत दुसऱ्यानं भरली आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्याकडचं आहे. व्रतं, तीर्थयात्रा, उपास हे सगळं त्यांनी कोवळ्या वयात कुटुंबासोबत पायी फिरत केलं होतं. कर्मानं काय मिळतं आणि काय मिळत नाही हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाल्यावरही त्यांना पुढे लिहावं लागलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं गेली. ही कबुली बाप्तिस्मा होऊन वर्षं लोटलेल्या प्रत्येकानं स्वतःला लावून पाहावी. आणि ख्रिस्त सापडल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. दुष्काळात सापडलेल्या मुलींना केडगावला आणणं, त्यांना शिकवणं आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत मराठी बायबलच्या भाषांतराचं काम, हे सारं त्यानंतरचं आहे.

याकोब आणि पौल यांच्यात विरोध आहे का, हेही नेहमी विचारलं जातं, कारण याकोब आपल्या पत्रात अब्राहाम कृतीनं नीतिमान ठरला म्हणतो आणि पौल म्हणतो विश्वासानं. अब्राहामाचं वय पाहा. त्यानं विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं, हे उत्पत्ती 15:6 मध्ये आहे. पौल तेच उद्धृत करतो. त्याचा थोरला मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा होता, म्हणजे 15वा अध्याय त्याच्याही आधीचा. इसहाक जन्मला तेव्हा तो 100 वर्षांचा. आणि याकोब ज्या प्रसंगाकडे बोट दाखवतो, इसहाकाला वेदीवर ठेवण्याच्या, त्या वेळी मुलगा लाकडं वाहून नेण्याइतका मोठा झाला होता. नीतिमान गणलं जाणं आणि ही कृती यांत 14 वर्षांपेक्षा बरंच जास्त अंतर आहे. कृतीनं तो देवाचा झाला नाही. इतक्या वर्षांपूर्वीचा विश्वास जिवंत होता, हे कृतीनं दिसलं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. बहुतेकांचं आज्ञापालन फसतं ते दुष्टपणामुळे नव्हे, मोघमपणामुळे. ‘प्रभू, मला अधिक आज्ञाधारक कर’ ही प्रार्थना वर्षभर करता येते, आणि तिच्यामुळे काहीही न बदलता राहता येतं. पौलाची पद्धत वेगळी आहे. इफिस 4:28 घ्या: चोरी करणाऱ्यानं चोरी थांबवावी, स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत, आणि ते कशासाठी, तर गरजवंताला द्यायला काहीतरी जवळ असावं म्हणून. इथे तीन गोष्टी आहेत: काय सोडायचं, त्या जागी काय धरायचं आणि का. 25व्या आणि 29व्या वचनांतही हीच बांधणी आहे. 26व्या वचनात तर मुदतही दिली आहे, सूर्य मावळेपर्यंत.

म्हणून एक वही घ्या. चौथ्या अध्यायाच्या 25 ते 32 वचनांतली एकच आज्ञा निवडा, जी वाचताना तुमचं लक्ष पटकन पुढच्या ओळीकडे पळतं ती. पानावर तीन रकाने आखा आणि भरा. समजा, घरात ओरडणं. पहिल्या रकान्यात ‘राग’ असं लिहू नका. ‘रात्री जेवताना मुलाच्या अभ्यासावरून ओरडणं’ असं लिहा. दुसऱ्यात त्याच वेळी काय करणार ते: जेवताना अभ्यासाचा विषय काढायचा नाही, जेवणानंतर वीस मिनिटं त्याच्याजवळ बसायचं. तिसऱ्यात कारण, आणि ते 32व्या वचनातून घ्या: देवानं ख्रिस्तात माझी गय केली. तिसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्यांचं आज्ञापालन तीन-चार आठवड्यांत कोरडं पडतं, कारण त्यात कृपा नाही, नुसता निर्धार आहे. दुसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्यांचं त्याहून वाईट होतं. मत्तय 12:43–45 मधलं झाडून लोटून रिकामं ठेवलेलं घर आठवा. त्यात आणखी सात दुष्ट आत्मे येऊन राहिले.

मोबाइलवरच्या अश्लील गोष्टींची सवय असेल तर आधी दोन आठवडे फक्त नोंद ठेवा: किती वाजता, कुठे, त्याआधी काय घडलं होतं. साधारणपणे एकच वेळ आणि एकच जागा पुन्हा पुन्हा दिसते, आणि त्याआधी एकटेपणा, अपमान किंवा जागरण. मग फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावायचा आणि एका विश्वासू माणसाला सांगून ठेवायचं. दारूचं मात्र वेगळं आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं प्रार्थनासभेतून उठून एकदम बंद केली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यानं आधी डॉक्टरकडे जावं. हा विश्वासाचा अभाव नाही. शरीरही देवानंच दिलं आहे.

सगळ्यात जास्त टाळली जाणारी आज्ञा परत करण्याची. पश्चात्तापाचे अश्रू सोपे असतात, बँकेतून रक्कम पाठवणं अवघड. लेवीय 6:5 प्रमाणे फसवून घेतलेली मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा: 10,000 घेतले असतील तर 12,000. जक्कयानं त्याच हिशेबानं 40,000 दिले असते. ख्रिस्ती माणसावर पाचव्या हिश्श्याचा कायदा लादलेला नाही, पण मूळ रक्कमसुद्धा न देता ‘प्रभूनं मला माफ केलं’ म्हणणाऱ्याला जक्कयासमोर उभं राहता यायचं नाही.

आपल्या ख्रिस्ती घरांत याचं रूप बहुधा बहिणीच्या हिश्श्याचं असतं. बाप मृत्युपत्र न करता गेला तर ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो. विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे-मुली सगळ्यांत सारखे. गोव्यात कायदा वेगळा आहे, पण मुलीचा हक्क तिथेही आहे. तरीही बहिणीला बोलवून, साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि तेच भाऊ रविवारी दानाची थैली फिरवतात. तिनं समजून-उमजून, आनंदानं सोडलं असेल तर प्रश्नच नाही. पण तिला भीड घातली असेल, माहेर तुटेल असं सुचवलं असेल, तर ते घेतलेलं आहे. मग आजच्या बाजारभावानं तिचा हिस्सा किती होतो ते काढा. तिच्या घरी जा, आपल्या घरी बोलावू नका. ‘मी चुकलो’ म्हणा आणि पुढे ‘पण’ लावू नका. रक्कम किंवा जमीन काय देणार ते लिहून द्या. एकदम जमत नसेल तर किती महिन्यांत, दर महिन्याला किती, तेही. जमिनीची कागदपत्रं वकिलाकडून करून घ्या. आणि त्याच बैठकीत तिच्याकडे क्षमा मागून लगेच उत्तराची अपेक्षा धरू नका. तिला वेळ लागेल, तो तिचा हक्क आहे.

क्षमेच्या आज्ञेबद्दल काळजीपूर्वक बोलायला हवं, कारण तिच्या नावाखाली खूप अन्याय झाला आहे. मत्तय 18 मधल्या चाकराचं कर्ज दहा हजार तालंत होतं. एक तालंत म्हणजे सुमारे 6,000 दीनार आणि दीनार ही एका दिवसाची मजुरी. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी माफ झालेला माणूस 100 दिवसांच्या मजुरीसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. सहा लाखांना एक हे प्रमाण आहे. ज्याला स्वतःची माफी कळली त्याला सूड सोडावाच लागतो. पण सूड सोडणं आणि पुन्हा पूर्वीसारखं नातं जोडणं या दोन गोष्टी आहेत. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला मनातून क्षमा करणाऱ्या बाईनं त्याच घरात परत जायलाच हवं, असं कुठल्याही वचनात नाही, आणि तक्रार मागे घ्यायला हवी असंही नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘मंडळीत मिटवू’ म्हणणारा पाळक कायदाही मोडतो आणि त्या मुलालाही.

यातूनच पुढचा मुद्दा येतो. आज्ञापालन ख्रिस्ताचं करायचं आहे. पाळकाचा सल्ला, मंडळीची रीत आणि प्रभूची आज्ञा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दागिने घालावेत का, सिनेमा पाहावा का, उपास कुठल्या वारी करावा, यांवर रोमकरांस 14 मध्ये मोकळीक आहे. आईवडिलांना सांभाळणं यावर मोकळीक नाही. मार्क 7:11 मधले लोक ‘कुर्बान’ म्हणत, म्हणजे हे देवाला अर्पण केलं, आणि आईबापांचं देणं टाळत. आज मिळकतीचा दशांश मंडळीला वेळेवर देणारा आणि गावाकडच्या आईच्या औषधांसाठी हात आखडणारा माणूस तेच करतो.

पडल्यावर काय करायचं? त्याच दिवशी, नाव घेऊन, एकदा कबूल करायचं. 1 योहान 1:9 मध्ये देवाला विश्वासू आणि न्यायी म्हटलं आहे. न्यायी यासाठी की ख्रिस्तानं भरलेली किंमत तो दुसऱ्यांदा वसूल करत नाही. दुसऱ्या माणसाचं नुकसान झालं असेल तर मत्तय 5:23–24 प्रमाणे वेदीपाशी दान ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. बरेच विश्वासणारे पडल्यावर स्वतःला शिक्षा म्हणून प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी बाकावर बसून राहतात. 1 करिंथ 11:28 मध्ये परीक्षा करून मग खावं असं सांगितलं आहे. परीक्षा करून दूर राहावं असं नाही. ज्याला पाप सोडायचंच नाही त्यानं थांबावं. ज्याला सोडायचं आहे आणि जमत नाही, त्याच्यासाठीच तर ती भाकर मोडली जाते.

एक वेगळा गट आहे, ज्यांना कबूल केलेलं पाप परत परत कबूल करावंसं वाटतं, शब्द बरोबर उच्चारले का अशी शंका छळते, तासन्‌तास. त्यांना आणखी कडक आज्ञापालन सांगू नये, ते विष ठरेल. एकदा कबूल केलेलं पुन्हा कबूल करायचं नाही, हीच त्यांची आज्ञा. आणि हे थांबत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. हा आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत.

हे एकट्यानं होत नाही. इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीत 1742 पासून सुमारे बारा जणांचे गट दर आठवड्याला भेटत आणि प्रत्येकाला त्याच्या आत्म्याची खुशाली विचारली जाई. आपल्याला दोघं-तिघंही पुरे, पण पुरुष पुरुषांबरोबर, बायका बायकांबरोबर, आणि गटात पाळक नसला तर बरं. अर्धा तास. मागच्या आठवड्यात वहीत काय लिहिलं होतं, काय झालं, देवानं कुठे सांभाळलं. शेवटचा प्रश्न वगळला तर ती बैठक महिन्याभरात पोलीस चौकी होते. तिथे ऐकलेलं बाहेर गेलं की गट मोडतो, म्हणून पहिल्याच दिवशी तसं ठरवून घ्या.

एक शंका उरते: मनापासून वाटत नसताना आज्ञा पाळणं ढोंग नाही का? फिलिप्पैकरांस 2:13 मध्ये इच्छा आणि कृती दोन्ही देव साधून देतो असं आहे, पण आधी इच्छा आणि मगच कृती, अशी अट नाही. ढोंग म्हणजे लोकांनी पाहावं म्हणून केलेलं. कुणी पाहत नसताना, मन कुरकुरत असताना, बहिणीच्या दारापर्यंत गेलेला माणूस ढोंगी नाही. मत्तय 21 मधल्या दोन मुलांपैकी पहिल्यानं बापाला तोंडावर ‘मी जाणार नाही’ म्हटलं होतं, आणि मग द्राक्षमळ्यात गेला. येशूनं त्याच्या भावनेबद्दल काही विचारलं नाही. बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केलं, एवढंच विचारलं.